विंडोज गेले, लिनक्स आले. आता दुकान कसे चालवायचे?

पत्राचा सारांश: नागपूरच्या महाल भागात टायपिंग, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान गेली चौदा वर्षे चालवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. दुकानात दोन संगणक आहेत, दोन्ही २०१६ च्या सुमारास घेतलेले आणि विंडोज १० वर चालणारे. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले आणि हे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत असे कळले. तेव्हा अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत काउंटरवरच्या संगणकातून विंडोज काढून आर्च लिनक्स (विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) बसवले, आणि आतल्या संगणकात विंडोज ठेवून त्याच्या शेजारी तेही बसवून दिले. तेव्हापासून काउंटरवर जुन्या मराठी फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आतल्या संगणकावर विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास मागे असते, आणि तिथल्या डी ड्राइव्हमधली फाइल लिनक्समधून उघडते, पण सेव्ह होत नाही. दोन ग्राहकांचे पेनड्राइव्ह तर घरी गेल्यावर रिकामे निघाले. भाचा आता नोकरीसाठी पुण्याला जाणार आहे, आणि ‘मावशी, हे तर शाळेतली मुलेही शिकतात’ हे त्याचे वाक्य त्यांना लागले आहे. त्या विचारतात: वय झाले म्हणून मला जमत नाही का? जे सोपे होते तेच परत आणावे, की हे अवघड नेटाने शिकत राहावे?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळण्याआधी पत्रातील चार तक्रारी पाहू, कारण त्या तुम्ही स्वतःच्या वयाच्या खात्यावर मांडल्या आहेत आणि त्यांतील एकही तिथे जमा होत नाही.

मराठी फाइलींचे आधी. तुम्ही इतकी वर्षे ज्या कृतिदेव फॉन्टमध्ये काम केले, त्या मजकुरात संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. ‘नागपूर’ टाइप करताना तुमची बोटे यू, के, एक्स, आय, डब्ल्यू आणि जे या कळांवर पडतात, फाइलमध्येही तीच सहा इंग्रजी अक्षरे साठवली जातात, आणि यूच्या जागी न, केच्या जागी काना, एक्सच्या जागी ग दाखवण्याचे काम केवळ तो फॉन्ट करतो. काउंटरच्या संगणकातून विंडोज काढले तेव्हा फॉन्टही गेला, म्हणून त्यामागची इंग्रजी अक्षरे उघडी पडली. फाइल बिघडलेली नाही. आतल्या संगणकातील विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून कृतिदेवच्या फाइली घेऊन लिनक्समध्ये बसवल्या, की मजकूर पुन्हा मराठीत दिसेल, कारण लिनक्सलाही तोच फॉन्ट चालतो. तुम्ही बर्डीच्या बाजारातून विंडोज ११ चा नवाकोरा संगणक आणला असता, तरी पहिल्या दिवशी त्यावर हीच खिचडी दिसली असती.

घड्याळाचे कारण त्याहून साधे आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर एक छोटे घड्याळ असते. त्यात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरून चालते, तर लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, जी भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. एकाच संगणकात दोघेही नांदत असले की लिनक्सने लावलेली वेळ विंडोज स्वतःची समजून दाखवते, आणि सकाळी साडेअकराला काढलेल्या पावतीवर सहा वाजलेले दिसतात. लिनक्समध्ये एक सेटिंग बदलली की हा प्रकार थांबतो.

डी ड्राइव्हचे कारण विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीत आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पुरते बंद होत नाही आणि ड्राइव्हवरचा आपला ताबा सोडत नाही. अशा स्थितीत दुसऱ्या प्रणालीने तिथे काही लिहिले, तर फाइलींची नासाडी होऊ शकते, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचू देते. तुम्हाला जी अडवणूक वाटली, ती खरे तर तुमच्या फाइली राखण्यासाठी होती. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करा. तोवर विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना ‘शट डाउन’ऐवजी ‘रिस्टार्ट’ केले तरी भागेल.

पेनड्राइव्हची गोष्ट मात्र शिकून घ्यावीच लागेल. फाइल पेनड्राइव्हवर टाकली की लिनक्स अनेकदा ती आधी मेमरीत घेते, पडद्यावरची पट्टी भरून काम झाल्याचे दाखवते, आणि प्रत्यक्ष लिहिण्याचे काम मागाहून चालू ठेवते. विंडोजवर काम उरकताच पेनड्राइव्ह उपटून ग्राहकाच्या हाती देण्याची सवय बहुतेकांना असते, आणि तिथे ती सहसा खपूनही जाते. इथे ती खपत नाही. फाइल मॅनेजरच्या बाजूच्या पट्टीत पेनड्राइव्हच्या नावापुढे बाहेर काढण्याचे चिन्ह असते. ते दाबावे आणि काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत, समोर कितीही गर्दी असली तरी, थांबावे.

म्हणजे चारपैकी तीन गोष्टी बसवून देणाऱ्याने त्याच दिवशी तपासायच्या होत्या, आणि चौथी त्याने तुम्हाला सांगायला हवी होती. भाच्याची माया खरी आहे, पण काम त्याने अर्धवट सोडले आहे. शाळेतल्या मुलांचे त्याचे म्हणणेही तपासून पाहू. केरळातील सरकारी आणि अनुदानित शाळांत गेली अनेक वर्षे लिनक्सवर संगणक शिकवला जातो, हे खरेच आहे. परंतु तिथे त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक आहेत, सगळ्या शाळांत एकाच घडणीची प्रणाली आहे, पाठ्यपुस्तक त्याच प्रणालीवर बेतलेले आहे, आणि चुकले तर मुलाचे काही बुडत नाही. अर्ज भरण्याची मुदत संध्याकाळी संपणार असताना समोर तीन ग्राहक उभे आहेत, अशा वेळी कोणत्याही मुलाला कोणी काही शिकवत नाही. तुमची आणि त्या मुलांची तुलना होऊ शकत नाही, आणि ती मनाला लावून घेण्याचे कारणही नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘जे सोपे होते’ या गृहीताकडे वळू. दुकान चौदा वर्षांचे आहे म्हणजे तुम्ही एक्सपी किंवा विंडोज ७ वर सुरुवात केली असणार आणि मधल्या काळात १० वर आला असणार. २०१२ मध्ये विंडोज ८ ने डाव्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटण काढून टाकले, तेव्हा अनेक अनुभवी मंडळी आपलाच संगणक बंद कसा करायचा हे विचारत फिरत होती, आणि कंपनीला पुढच्या वर्षी ते बटण परत आणावे लागले. रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या धर्तीचा, कळफलक तर कोणालाच उपजत येत नाही. तो बोटांत बसायला किती महिने गेले ते आठवून पाहा. विंडोज तुम्हाला सोपे वाटते, कारण त्याचा अवघडपणा तुम्ही फार पूर्वी, हप्त्याहप्त्याने, पुरता फेडलेला आहे. लिनक्सचा सगळा हिशेब मात्र एका दिवाळीत, आगाऊ सूचना न देता, तुमच्यापुढे ठेवला गेला. यावरून लिनक्स अवघड नाही असे मी म्हणत नाही. काही बाबतींत ते खरोखरच अधिक जाणतेपण मागते, आणि हे शिकवणाऱ्यांनी लपवू नये. पण त्यातला किती भाग प्रणालीचा आणि किती नवखेपणाचा, हे आज, चालू दुकानात, तुम्हाला ठरवता येणार नाही.

दुसरे गृहीत असे की परतीची वाट मोकळी आहे. तशी ती आता फारशी उरलेली नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने केवळ सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याची सोय ठेवली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि सेटिंग्जमधील अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा, जो तुमच्या २०१६ च्या संगणकांत असणे शक्य नाही. या अटी चुकवून जुन्या संगणकात विंडोज ११ बसवून देणारे दुरुस्तीवाले भेटतील. पण अशा संगणकाला अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप करायचा, तेच कारण तिथे बाद होते. तेव्हा तुमच्यापुढे जुने सोपे आणि नवे अवघड असे दोन पर्याय नसून, दोन्हीकडे थोडेफार नवेच आहे.

भाच्याच्या निवडीबद्दल स्पष्ट बोलतो. लिनक्स निवडण्यात त्याचे चुकले नाही; आर्च निवडण्यात चुकले. लिनक्स ही एकच वस्तू नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ज्या गाभ्यावर काम सुरू केले, त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळ्या गरजांसाठी रचलेल्या अनेक प्रणाली आहेत, आणि आर्च ही त्यांतली हौशी जाणकारांची प्रणाली आहे. तिच्यात ठरावीक आवृत्ती नसते, बदल अखंड येत राहतात, अपडेट करण्याआधी कर्त्यांच्या सूचना वाचाव्यात अशी अपेक्षा असते, आणि बरेच दिवस अपडेट न करता ठेवली तर पुढच्या वेळी काहीतरी अडण्याची शक्यता वाढते. गंमत म्हणजे साधेपणा हे आर्चच्या कर्त्यांचे पहिले तत्त्व आहे. मात्र तो साधेपणा प्रणाली जुळवणाऱ्याच्या सोयीचा आहे. दुकानासाठी ती बसवणे म्हणजे पीठ मागायला आलेल्याच्या हाती जाते देण्यासारखे आहे. भाचा त्यात रमला असेल आणि त्यातून खूप शिकलाही असेल, पण पुण्याहून तो रोज येऊन हे जाते फिरवणार नाही.

तुमच्यासाठी लिनक्स मिंट योग्य आहे असे माझे मत आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ अशी तिची ठेवण तुम्हाला ओळखीची वाटेल. तिच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे तोवर कोणी मोठा बदल तुमच्यावर लादणार नाही. तुमच्या संगणकांच्या वयाला ती पेलतेही. चार जीबी मेमरी असली तरी रोजचे काम चालते, आठ असली तर निवांत चालते.

पण कोणती प्रणाली हा प्रश्न मुळात दुसरा आहे. पहिला प्रश्न कोणत्या कामाला काय लागते हा आहे, आणि तो ना भाच्याने विचारला ना तुम्ही. तुमच्या पत्रावरून मला दुकानातली कामे तीन जातींची दिसतात.

शिष्यवृत्तीचे, विद्यापीठाचे, दाखल्यांचे, पॅनचे अर्ज भरणे हे जवळजवळ सगळे ब्राउझरमधले काम आहे, आणि क्रोम किंवा फायरफॉक्स दोन्ही प्रणालींवर एकसारखेच दिसतात. फोटो आणि सही ठरावीक केबीमध्ये बसवणे, आधार स्कॅन करून पीडीएफ करणे, दोन पीडीएफ जोडणे यांसाठीही मिंटवर साधने आहेत. मी तर पुढे जाऊन म्हणेन की काउंटरवरच्या संगणकाला लिनक्सच असावे. लोकांची आधार कार्डे, पासबुके आणि पासवर्ड याच संगणकावरून जातात, दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह याच्यातच लागतात, आणि फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा तो व्हायरस तुमच्या दुकानात कधी आला नाही असे होणार नाही. विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस लिनक्सवर चालत नाही. अपडेट बंद झालेली प्रणाली ठेवण्यासाठी काउंटर ही सगळ्यात वाईट जागा आहे.

लग्नपत्रिका, हँडबिले आणि पेजमेकर व कोरल ड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधले काम ही निराळी जात आहे, आणि इथे लिनक्सच्या नादी लागू नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पेजमेकरची ७ ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. गेली दोन तपे आपल्याकडचे छापखाने ज्या सॉफ्टवेअरवर टिकून आहेत ते स्वतःच कधीचे थांबलेले आहे. लिबरऑफिस ह्या फुकट मिळणाऱ्या संचातून पेजमेकरच्या आणि कोरलच्या फाइली उघडता येतात, परंतु मांडणी हलते, तेव्हा त्याचा उपयोग आत काय आहे ते डोकावण्यापुरताच करावा. विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ आहे. काही सॉफ्टवेअर त्यावर छान चालते, काही रडतखडत, आणि ऐन लग्नसराईत ते कोणत्या जातीचे आहे हे कळणे परवडत नाही. बोटांचे ठसे घेणारे यंत्र किंवा डिजिटल सहीचा टोकन तुम्ही वापरत असाल, तर त्यांचाही विचार याच गटात करा. आतल्या संगणकावर विंडोज राहू द्या आणि तिथले लिनक्स काढून टाका. मग घड्याळाचा आणि डी ड्राइव्हचा प्रश्न मुळातच उरणार नाही. त्या संगणकावर इंटरनेट ठेवायचेच असेल तर वर सांगितलेली एका वर्षाची नोंदणी करा, नाहीतर तो इंटरनेटला जोडूच नका. पत्रिका काढून झाली की तिची पीडीएफ करून ठेवण्याचा नेम करा, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच येतो आणि ती कोणत्याही संगणकावरून जशीच्या तशी छापता येते.

तिसरी जात अर्ज, प्रतिज्ञापत्रे, करारनामे यांच्या मराठी टायपिंगची. खरी शिकण्याची मेहनत इथे आहे, आणि ती तुम्ही कोणतीही प्रणाली निवडली तरी चुकणार नाही. कृतिदेव लिनक्सवर बसवल्यावर लिबरऑफिसमध्ये तुमची बोटे पूर्वीसारखीच चालतील, मात्र आल्टची कळ दाबून चार आकडी संकेत देऊन जी अक्षरे तुम्ही काढता, ती तशी निघणार नाहीत, कारण तो संकेत विंडोजचा आहे. ती अक्षरे विशेष चिन्हांच्या तक्त्यातून घ्यावी लागतील. पण मी तुम्हाला आग्रह करीन तो युनिकोडचा, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीचा. सरकारी संकेतस्थळांवरील मराठीच्या चौकटींत कृतिदेव चालत नाही हे तुम्ही रोज पाहता, आणि तेवढ्यापुरता मजकूर फोनवर टाइप करून किंवा कुठूनतरी उतरवून घेऊन वेळ मारून नेली जाते. युनिकोडमध्ये फाइलीत खरेच ‘न’ साठवला जातो, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो. लिनक्सवर रेमिंग्टनच्या धर्तीची कळरचना निवडता येते. सुरुवात तिथून करा म्हणजे हात बिचकणार नाही. सरकारमान्य इनस्क्रिप्ट ही कळरचना पुढेमागे शिकलात तर उत्तमच. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात, आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड तिन्हीकडे ती एकच आहे. इनस्क्रिप्टमध्ये एक गोष्ट मात्र काही दिवस छळेल: पहिली वेलांटी तुम्ही आजवर अक्षराच्या आधी टाइप करत आलात, इथे ती अक्षरानंतर द्यावी लागते.

जुना कृतिदेव मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, पण बदलून आलेला मजकूर न वाचता पुढे देऊ नका. रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी तो हमखास घसरतो, आणि प्रतिज्ञापत्रातल्या नावात अशी घसरण झाली तर दोष यंत्राला कोणी देत नाही. सगळ्या जुन्या फाइली एका दमात बदलण्याचीही गरज नाही. जी फाइल पुन्हा कामाला येईल ती त्या वेळी बदलावी. आणखी एक सावधगिरी: विंडोजवर मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये केलेले प्रतिज्ञापत्र लिनक्सवर उघडले, तर मंगल तिथे नसल्याने दुसरा फॉन्ट लागतो आणि पाने पुढेमागे सरकतात. सिव्हिल लाइन्समध्ये न्यायालयाच्या आवारात प्रिंट काढायला फाइल पाठवायची असेल, तर ती पीडीएफ करूनच पाठवा.

आता शिकण्याच्या वेळेबद्दल. बारावी-दहावीचे निकाल लागले की तुमच्याकडे अर्जांची रांग लागते, आणि तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांची. या दोन हंगामांत प्रणालीला हात लावू नये. पितृपक्षाचा पंधरवडा तुमच्या धंद्यात रिकामाच जातो, तो यासाठी राखून ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार महालच्या रस्त्यावर कोणी फिरकत नाही. निकाल लागायच्या आधीच्या त्या दुपारी, कूलरसमोर बसून, वेलांटी अक्षरानंतर देण्याचा सराव करायला बऱ्या. आणि सराव खऱ्या ग्राहकाच्या कामावर करू नका. जुन्या, देऊन झालेल्या अर्जांची नक्कल करा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे तुमच्यासारख्या इतर वाचकांनाही सांगावेसे वाटते, मग ते शाळेच्या कार्यालयात काम करणारे असोत, विमा प्रतिनिधी असोत किंवा घरी बसून वंशावळ लिहिणारे निवृत्त गृहस्थ. फायरफॉक्स, लिबरऑफिस, चित्रांसाठी गिंप ही साधने विंडोजवरही मिळतात. ती आधी विंडोजवर, ओळखीच्या अंगणात, महिना-दोन महिने वापरावीत, आणि ती हाताखाली आल्यावर मग खालची प्रणाली बदलावी. तेव्हा रोज डोळ्यांसमोर असणारी साधने तीच राहतात आणि धक्का पुष्कळ कमी बसतो. तुमच्या बाबतीत दोन्ही एकाच दिवशी बदलले गेले. शिवाय मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचीच आणखी एक प्रणाली) आधी पेनड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न पुसता, चालवून पाहता येते. आठ जीबीचा पेनड्राइव्ह त्याला पुरतो. तसे चालवून सर्वांत आधी प्रिंटर आणि स्कॅनर तपासावेत, कारण लहान दुकानांत सर्रास दिसणाऱ्या लेझर प्रिंटरांपैकी काही लिनक्सवर लगेच चालतात, काहींना कंपनीची वेगळी जोड लागते, आणि काही वैताग आणतात. प्रिंटर चालत नसेल तर तिथेच थांबावे; दुकानाला प्रिंटर आधी लागतो.

रोजच्या वापरात जे वेगळे आहे ते फार नाही. सी आणि डी ड्राइव्हऐवजी तुमचे ‘होम’ फोल्डर असते. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून शोधून उतरवायचे नसते, प्रणालीच्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचे असते, आणि तेव्हा पासवर्ड विचारला जातो. इंग्रजी नावांत मोठी आणि लहान लिपी निरनिराळी धरली जाते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर घाबरू नका. काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करणे तुमच्या कामाला अपवादानेच लागेल. कुठेतरी वाचलेली, अर्थ न समजलेली आज्ञा तिथे चिकटवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा.

भाचा पुण्याला जाण्याआधी त्याच्याकडून दोन दिवस मागून घ्या, आणि अट घाला की त्याने माऊसला हात लावायचा नाही. तो सांगेल, तुम्ही कराल, आणि प्रत्येक पायरी तुमच्या हस्ताक्षरात, तुमच्या शब्दांत, वहीत उतरेल. मुले बोटे इतकी भराभर चालवतात की बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि तरी ‘समजले ना?’ असे विचारले की आपण मान डोलावतो. त्याला वाईट वाटेल या भीतीने गप्प राहू नका. आर्च काढून मिंट टाकायला सांगणे म्हणजे त्याचे काम नाकारणे नव्हे. मावशीला काय हवे ते त्याला पहिल्यांदाच नीट कळेल. पुण्याहून पडदा पाहून मदत करण्याची सोय तो करून देऊ शकेल, पण ती तुम्ही स्वतः चालू कराल आणि काम झाल्यावर बंद कराल अशीच ठेवा. त्या सोयीचा आधार घेऊन फोनवरून फसवणारेही आहेत, आणि दुकानाच्या संगणकावर ग्राहकांची माहिती असते.

कामाचा क्रमही सांगून ठेवतो, कारण तो चुकला तर नुकसान भरून येणार नाही. काही पुसण्याआधी दोन्ही संगणकांतील सर्व फाइली आणि विंडोजचे संपूर्ण फॉन्ट फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि पत्रिकांच्या फाइलींची दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा. मग पेनड्राइव्हवरून मिंट चालवून प्रिंटर आणि स्कॅनर पाहा. ते चालले तरच काउंटरचा संगणक बदला, कृतिदेव बसवा, आणि आतला संगणक शेवटी हाताळा. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे अधिक वेगवान डिस्क, बसवण्याचा खर्च काउंटरच्या संगणकाला करावा असे मला वाटते. प्रणाली कोणतीही असो, तुमच्या ग्राहकाला वेगातला फरक त्यानेच जाणवेल.

आतल्या संगणकासाठी ऑक्टोबर २०२६ च्या आधी पैसे बाजूला ठेवता आले तर पाहा. नवा घ्यायलाच हवा असे नाही. कंपन्यांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे आठव्या पिढीचे संगणक पेजमेकर आणि कोरलला पुरून उरतात. घेताना विंडोज ११ दुकानातच सुरू करून दाखवायला सांगा, टीपीएम चालू आहे ना आणि परवाना खरा आहे ना हे विचारा, शक्य असेल तर तुमची एक जुनी पत्रिका आणि कृतिदेवचा फॉन्ट सोबत नेऊन ती तिथेच उघडून पाहा, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.